सुलेमानियेत मी ऐकलेलं माझं नाव

वसुधा,

तुझं व्याख्यान काल मी दिलं. लायब्ररीच्या खालच्या हॉलमध्ये चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, त्या कमी पडल्या आणि दिलीपला धावपळ करून आणखी आणवाव्या लागल्या. तुला जाऊन परवा तीन आठवडे झाले. कार्यक्रम कॅन्सल करायचा का, असं लायब्ररीतून विचारलं, तर हाच तुझा नवरा मला न विचारताच "शैला करेल" असं सांगून मोकळा झाला. मी तीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली पॅथॉलॉजिस्ट. मला घुमटातलं काय कळतं? "तिने तुला इतकी वर्षं ऐकवलंय, त्यातलं निम्मं बोललीस तरी दोन तास जातील," तो म्हणाला. गेले काही दिवस त्याचा चेहरा असा झाला होता की नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

खरी अडचण व्याख्यानाची नव्हती. त्या व्याख्यानात मी होते, ही अडचण होती. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत आपण दोघींनी केलेल्या प्रयोगाची गोष्ट तू दर वेळी सांगायचीस, आणि त्या गोष्टीचा शेवट माझ्या एका खोट्यावर उभा होता. खोटं मी तुझ्याशी बोलले होते. सहा वर्षं ते तुला सांगायचं राहून गेलं. आता तेच माझ्या तोंडाने पन्नास माणसांपुढे पुन्हा वदवायचं, की खरं सांगून तुझ्या लाडक्या गोष्टीतली हवाच काढून घ्यायची, या विचाराने आठवडाभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तू असतीस तर तुझाच सल्ला घेतला असता.

आपली पहिली भेट मला लख्ख आठवते. आम्ही अमेरिकेतल्या या मॉरिसव्हिलला नवीन होतो, तुझ्या घरी पॉटलक होतं, आणि पाइनचा पिवळा पराग उडायचे दिवस असल्यामुळे सगळे शिंकत होते. मी सहज विचारलं की तुझ्या दिवाणखान्यात हा एवढा मोठा मशिदीचा फोटो कसा काय. बस्स. तू माझ्या हातातली प्लेट काढून घेतलीस. मला आणि दिलीपला समोरासमोर उभं केलंस, हात एकमेकांच्या खांद्यांवर ठेवायला लावलेस आणि म्हणालीस, "आता दोघंही पाय मागे सरकवा. अजून मागे. झाली कमान." पायात मोजे, खाली पॉलिश केलेली लाकडी जमीन. आमचे पाय घसरायला लागले. घुमट नुसता खाली बसत नाही, तो बाहेरही ढकलतो, हे तू समजावत होतीस आणि आम्ही दोघं सोफ्यावर कोसळलो. मग तू दोन धडधाकट पाहुणे बोलावून त्यांना आमच्या टाचांमागे पाय रोवून उभं केलंस. "हे अर्धघुमट. पुढे एक, मागे एक. आता बघ हलता येतंय का." खरोखरच हलता येईना. माझी बटाट्याची भाजी तोवर थंडगार झाली होती.

तू सोलापूरची. शाळेची सहल विजापूरला गेली होती आणि गोलघुमटात तू इतक्या जोरात ओरडलीस की बाईंनी कान धरून बाहेर काढलं. बाहेर काढेपर्यंत ती आरोळी सात वेळा परत आली होती, असं तू अभिमानाने सांगायचीस. त्या दिवशी तू इंजिनिअर व्हायचं ठरवलंस. म्हणजे न्यायाने तू गोलघुमटाची असायला हवी होतीस. पण कॉलेजात कुठल्याशा पुस्तकात सुलेमानियेचं मधोमध कापून दाखवलेलं चित्र बघितलंस आणि फितूर झालीस.

आपल्या मुलखातला घुमट सोडून तुर्कांच्या घुमटावर भाळलेली ही बाई मला पटेना, म्हणून मी गोलघुमटाची वकिली घेतली. खरं तर तोवर मी गोलघुमट पाहिलाही नव्हता. "आमचा मोठा आहे," मी म्हणायचे. मोठा आहेच, मापाने चांगला दहा-अकरा मीटर जास्त. तू म्हणायचीस, "मोठा बांधणं सोपं असतं गं. भिंती जाड करत जायचं." मग मी दुसरा पत्ता टाकायचे, नागपूरच्या दीक्षाभूमीचा. तो एवढा मोठा स्तूप आतून पोकळ आहे, हे मी बौद्ध घरातली नागपूरकर या नात्याने तुला ठासून सांगायचे. शेवटी एका भारतवारीत तू मुद्दाम नागपूरला उतरलीस, तासभर आत बसलीस आणि फोनवर एवढंच म्हणालीस, "शैला, हा वेगळ्या पंगतीतला आहे. याला मी वादात घेणार नाही." तो माझा एकमेव विजय. गोलघुमटाचा खटला मात्र निकालाविना राहिला. आता तो चालवायचा कुणाशी?

सुलेमानियेत तुला आवडायचं ते मोठेपण नव्हतंच. सोळाव्या शतकातली मशीद, बांधून घेणारा त्या काळचा जगातला सगळ्यात बलाढ्य सुलतान. चार मनोरे, त्यांना मिळून दहा सज्जे, कारण तो घराण्यातला दहावा. तू हे सगळं घाईघाईत उरकायचीस आणि मग आवाज खाली आणून तुझ्या माणसाकडे वळायचीस. तो वास्तुकार. त्याला तू मिस्त्री म्हणायचीस. घुमटाचा रेटा अडवायला जे प्रचंड टेकू लागतात, ते त्याने निम्मे आत आणि निम्मे बाहेर ठेवले आणि त्यांच्यामध्ये दुमजली सज्जे अशा बेताने घातले की बघणाऱ्याला टेकू दिसतच नाहीत. "चांगल्या सुगरणीच्या ओट्यावर पसारा दिसतो का?" तू विचारायचीस. तुझ्या ओट्यावर तर पोळपाट ठेवायला जागा नसायची, पण ते मी त्या वेळी बोलत नसे.

एकदा मात्र मी तुला अडवलं होतं. सुलतानाचं नाव सगळ्यांना माहीत, तुझ्या मिस्त्रीचंही माहीत, मग दगड वाहणाऱ्यांचं काय, असं मी विचारलं. जरा तिखटपणेच विचारलं. आमच्याकडे हा प्रश्न लहानपणापासून प्रत्येक भव्य इमारतीला विचारला जातो. तू विषय बदललास. मला वाटलं रागावलीस. पंधरा-वीस दिवसांनी सकाळी तू कागदांची चळत घेऊन माझ्या दारात उभी. त्या बांधकामाच्या नोंदवह्या शाबूत आहेत, त्यात कामगारांची नावं आहेत, कुठून आले ते आहे, कोण दगडफोड्या आणि कोण सुतार तेही आहे, मुसलमान आहेत तसे ख्रिस्तीही आहेत. "नावं आहेत गं, गावासकट," तू म्हणालीस. तुझे डोळे भरून आले होते. त्यानंतरच्या प्रत्येक व्याख्यानात तू सुलतानाच्या आधी त्यातली चार नावं वाचायचीस. त्याबद्दल मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. आज म्हणते.

आणि मग इस्तंबूल. ती ट्रिप तू आयुष्यभर ठरवत होतीस. आधी तुझ्या लेकीची, मीराची शाळा, मग दिलीपची बायपास, मग आणखी काहीतरी. शेवटी दिलीप म्हणाला, मला गुडघे नाहीत, तुम्ही दोघी जा. आपण गेलो. पहिल्या दिवशी तू मला इतर कुठलीही मशीद बघू दिली नाहीस. सकाळी दहाला आपण ओढण्या डोक्यावर घेऊन, चपला पिशवीत घालून सुलेमानियेच्या दारात होतो आणि तू उंबऱ्यावर थबकलीस. मी मागून ढकललं तेव्हा आत गेलीस.

खिडक्या इतक्या की भिंत कमी आणि उजेड जास्त. त्या चार प्रचंड खांबांवरचा घुमट बघायला मान वर केली आणि मला पहिल्यांदा कळलं की तू इतकी वर्षं काय सांगत होतीस. एवढा बोजा डोक्यावर आहे, असं वाटतच नव्हतं. मी तुला तेही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर गोलघुमटाचा खटला मी तिथेच हरले असते.

मग तुझ्यातली इंजिनिअर जागी झाली. दाराच्या वरची ती खोली तू मला बोटाने दाखवलीस. मशिदीतल्या हजारो तेलाच्या दिव्यांची काजळी वाऱ्याच्या झोताबरोबर त्या खोलीत जाऊन साठावी, अशी मिस्त्रीने हवेची वाट काढली होती, आणि त्या काजळीची शाई करायचे. घुमटात मातीचे घडे बसवलेत, तोंडं उघडी ठेवून, आवाज घुमू नये म्हणून, हे सांगितलंस. आणि हुक्क्याची आख्यायिका. सुलतानाला कुणी चुगली केली की काम अर्धवट टाकून मिस्त्री मशिदीत हुक्का ओढत बसलाय. सुलतान तावातावाने आला, बघतो तर हुक्क्यात तंबाखूच नाही. नुसतं पाणी गुडगुडवून तो आवाज कुठवर पोचतो ते मिस्त्री कान देऊन ऐकत होता. "गोलघुमटात आवाज परत येतो, इथे तो नुसता पोचतो," तू म्हणालीस. "चल, आपण टेस्ट करू."

मधला भाग नमाजाचा, त्यामुळे आपल्याला कठड्याच्या अलीकडे राहायचं होतं. तू एका टोकाला थांबलीस आणि मला पार दुसऱ्या टोकाला पाठवलंस. मध्ये निदान पन्नास मीटर अंतर. तू भिंतीकडे तोंड करून, पाठमोरी, एक शब्द हळूच बोलणार आणि मी तो ऐकायचा. मी गेले. माझे पाय दुखत होते म्हणून गालिच्यावर बसले, भिंतीला टेकले, आणि खिडकीतून गालिच्यावर पडलेला रंगीत उजेड बघत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मान वर केली तर तू वळून हात हलवत होतीस. आलं का? मी कानच दिला नव्हता. पण एवढ्या वर्षांनी इथवर आलेल्या बाईला "परत बोल, मी उजेड बघत होते" असं कसं सांगू? मी मान हलवली.

तू जवळजवळ धावतच आलीस. "काय म्हटलं मी?"

आता काहीतरी सांगणं भाग होतं. माणूस मैत्रिणीला लांबून काय म्हणेल? "माझं नाव," मी म्हटलं.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग तुला जे हसू फुटलं ते आवरेचना. तू गालिच्यावर बसलीस, ओढणी तोंडात कोंबलीस, डोळ्यांतून पाणी. रखवालदाराने ओठांवर बोट ठेवून आपल्याला दटावलं. मला वाटलं, प्रयोग यशस्वी झाल्याचा आनंद आहे. आख्ख्या नोकरीत मी एकही रिपोर्ट अंदाजाने दिला नव्हता. तो माझा पहिला, आणि त्याच्यामुळे माझी मैत्रीण इतकी खूश झाली, हे बघून मीही हसायला लागले.

परत आल्यावर तू ती गोष्ट गावभर केलीस. लायब्ररीत, मंडळाच्या गणपतीत, जर्सी सिटीला तुझ्या भाचीच्या बिल्डिंगमधल्या लोकांपुढे. दर वेळी त्याच जागी थांबायचीस आणि म्हणायचीस, "माझी मैत्रीण डॉक्टर आहे, जन्मात खोटं बोललेली नाही. तिने पन्नास मीटरवरून स्वतःचं नाव ऐकलं. शैला, उभी राहा जरा." मी उभी राहायचे. लोक टाळ्या वाजवायचे. तू माझ्याकडे टक लावून हसत बघायचीस आणि मी पटकन खाली बसायचे. घरी जाताना गाडीत सांगून टाकू, असं मी कितीदा ठरवलं. गाडीत तू गोलघुमटावर घसरायचीस आणि राहून जायचं.

शेवटच्या आठवड्यात मी दुपारी तुझ्याजवळ बसले होते. दिलीप औषधं आणायला गेला होता. तू डोळे मिटूनच विचारलंस, "तुला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "काही नाही, तू पाणी पी आधी." तू पाणी प्यायलीस. मला वाटलं, आता कशाला हिचा आनंद घालवायचा. त्या दुपारी मी स्वतःला फार समजूतदार समजत होते, वसुधा.

गुरुवारी दिलीपने तुझी फाइल आणून दिली. व्याख्यान इंग्रजी, टिपणं मराठी, हे तुझं नेहमीचं. पानं चाळत सुलेमानियेच्या प्रयोगापाशी आले. शेजारी समासात पेन्सिलने, तुझ्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: "मी तेव्हा काहीच बोलले नव्हते. शै. कधी कबूल करते बघू. तोवर गोष्ट चालू ठेवणे."

मी ते तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. मग मी एकटीच स्वयंपाकघरात इतकी हसले की शेजारची कुत्री भुंकायला लागली. हसता हसता रडले, तेही लपवत नाही. विमानात मीच तुला सांगितलं होतं ना, की वाचणारा जागा आहे की नाही ते बघायला आमच्या लॅबमध्ये मधूनच रिकामी स्लाइड सरकवतात? तू ती माझ्यावरच सरकवलीस. इतक्या वर्षांची तुझी ती मशीद, आणि तिथे पहिल्या तासाभरात तुला माझी टोपी उडवायचं सुचलं. आणि त्या दुपारचा तुझा प्रश्न. तू मला शेवटची संधी देत होतीस, आणि मी तुला पाणी पाजलं.

तेव्हा ठरलं. काल मी सगळं सांगितलं. आधी कामगारांची चार नावं वाचली, तुझ्या क्रमाने. दिलीप आणि मीराला मोज्यांवर उभं करून कमान करायला लावली, आणि दोघं बरोबर आपटले. मग प्रयोगाची गोष्ट, माझं खोटं, आणि तुझी पेन्सिल. हॉल हसला म्हणजे काय हसला. पुढच्या रांगेतले एक काका खोकला लागेपर्यंत हसत होते. मीरा सनीव्हेलहून खास आली होती. ती मागून मोठ्याने म्हणाली, "सो मावशी, यू बोथ लाइड? फॉर सिक्स इयर्स?"

"हो, पण तुझी आई जास्त," मी म्हटलं.

दिलीप हसत होता. तू गेल्यापासून पहिल्यांदा मी त्याला दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं. नंतर खुर्च्या आवरताना तो माझ्याजवळ आला. "यार शैला, मला माहीत होतं," तो म्हणाला. "इस्तंबूलहून फोन करून तिने पहिलं तेच सांगितलं होतं. मशिदीचं नंतर."

"मग तू का नाही बोललास मला?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, शैला आपणहून सांगेल. बघ तू, ती सांगितल्याशिवाय राहणारच नाही."

वसुधा, पन्नास माणसांपुढे कबूल करणं सोपं गेलं. तुझ्यापुढे करायचं राहिलंय, म्हणून हे लिहायला बसले. तर ऐक. त्या सकाळी सुलेमानियेत मी तुझं ऐकतच नव्हते. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. उजेड बघत होते, आणि तो घुमट गोलघुमटापेक्षा चांगला आहे, हेही मला तेव्हाच पटलं होतं. झालं माझं सगळं सांगून.

आता तुझी पाळी. या वेळी मी कान देऊन बसले आहे.